जर्मनीचं दार

चाचा, मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही पुन्हा दुकानातल्या कॉम्प्युटरवर येऊन बसलात. मला तरी तसंच दिसलं. मी मोखाड्याला ऑफिसात डबा उघडून बसले होते आणि अलीकडे लागलेल्या सवयीने आपल्या नेटवरच्या दुकानाची नोंद चाळत होते. कोण आलं, कुठल्या पानावर आलं, तिथून कुठे गेलं, हे त्या नोंदीत ओळीओळीने उतरत असतं. दुकानातल्या कॉम्प्युटरला मी एक खूण लावून ठेवलीय, म्हणून तिथून कुणी काही उघडलं तर मला लगेच कळतं. त्या ओळीत होतं: जव्हारचं दुकान, जर्मनीचं पान, तिथून अमेरिकेला रवानगी. तुम्हाला कब्रस्तानात ठेवून त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते.

वेळ तुमचीच होती. नमाज, जेवण, मग शटर अर्धं खाली ओढून अर्धा तास कॉम्प्युटर. मी मास्तरांची मुलगी, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हसणारी. पण डबा तसाच झाकला आणि नळावर जाऊन तोंडावर पाणी मारून आले. परत येऊन बघते तर ओळ तिथेच.

बुधवारी दोन वाजून बारा मिनिटांनी पुन्हा.

गफूरचाचा तुझे कोण, असं या दिवसांत बऱ्याच जणांनी विचारलं. काय सांगू? नात्यातले नाहीत, गावातले नाहीत, मालकही नाहीत. मी पंचायत समितीत कंत्राटावर कॉम्प्युटर ऑपरेटर. दर शनिवारी जीपने जव्हारला यायचे, तुमच्या दुकानात बसायचे, चाचींच्या हातचा चहा प्यायचे आणि तुमच्याशी भांडून परत जायचे. तुम्ही मला मास्तरीण म्हणायचात, कारण मी सांगते कमी आणि शिकवते जास्त. हे नातं कुठल्या खान्यात बसवायचं ते तुम्हीच सांगा.

तुमच्या दुकानात गिऱ्हाईक चढलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. कुठल्या गावचे? दोर घ्यायला आलेला असो, घमेलं घ्यायला आलेला असो, आधी गाव. मला सुरुवातीला राग यायचा. एकदा म्हणालेसुद्धा, "चाचा, तुम्ही दुकानदार आहात की तलाठी?" तेव्हा तुम्ही मला इरल्यांच्या ढिगाजवळ नेलंत. बांबूच्या कामट्यांचं, आत सुकी पानं भरलेलं, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं इरलं. भाताच्या लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर पाऊस पडू नये म्हणून. मला सगळी सारखीच दिसत होती. तुम्ही एक उचललंत. "हे वांगणीचं. तिथं वारा आडवा मारतो, म्हणून कड खाली ओढलीय. हे पोशेऱ्याचं, उतारावर चालायला आखूड. आता न विचारता दिलं आणि बाई वाऱ्याने उलटी झाली, तर शिव्या कुणाला?" मी गप्प बसले. तुमच्यापुढे मी गप्प बसले असे प्रसंग मोजकेच, त्यातला हा पहिला.

ही इरली पोशेऱ्याचे जानूबाबा बांधायचे. तुमची आणि त्यांची दोस्ती माझ्या जन्माच्या आधीची. तुम्ही गावं आणि वारे सांगायचात, ते बांधायचे.

मग एका पावसाळ्यात ते जर्मन नवरा-बायको जव्हार बघायला आले आणि भिजून तुमच्या दुकानात शिरले. तुम्ही त्या बाईला इरलं घातलंत, ती ते घालून बाजारभर फिरली, सगळं जव्हार बघायला लोटलं. घरी गेल्यावर तिने मेल पाठवला की बागेत काम करताना मी तेच घालते. मी तो मेल छापून आणला, तुम्ही त्याला प्लास्टिकचं आवरण घालून गल्ल्याच्या वर टांगलात. आणि म्हणालात, "मास्तरीण, तिच्या गावात अजून बायका असतील ना?"

इथून आपलं नेटवरचं दुकान सुरू झालं. परदेशात सुकी पानं चालत नाहीत म्हणून जानूबाबांनी आतून प्लास्टिकचा कागद घातला. त्या बाईने जर्मन मजकूर लिहून पाठवला. मी नाशिकला शिकलेली सगळी विद्या पणाला लावली आणि दुकानाचे तीन भाग केले, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी. तीन दारं, म्हणालात तुम्ही. मी इरल्याखाली लिहिलं होतं, भिंतीवर लावण्याची शोभेची वस्तू. ते वाचून घेतलंत आणि म्हणालात, "भिंतीला पाऊस लागतो का?" मला ते खोडावं लागलं.

पण खरं भांडण दारांवरून झालं. नेटवर आलेल्या माणसाला कुठल्या दारातून आत घ्यायचं? तुमचं म्हणणं सरळ. वर तिन्ही देशांची नावं लिही, ज्याला जायचं तो जाईल. आणि माल मागवायच्या कागदावर एक चौकोन ठेव, कुठल्या गावचे. मी हसले. म्हटलं, चाचा, हे बाजारपेठेतलं दुकान नाही. परदेशातल्या माणसाला असले प्रश्न आवडत नाहीत. शिवाय विचारायची गरजच काय? माणूस कुठल्या देशातून आला ते त्याच्या कनेक्शनच्या नंबरावरून यंत्राला आपोआप कळतं. मी असा नियम लिहिते, की जर्मनीचा माणूस जर्मनीच्या दारात, ब्रिटनचा ब्रिटनच्या दारात आणि बाकी सगळे अमेरिकेच्या दारात. त्याला काही करावंच लागणार नाही.

"अगं, पण गिऱ्हाईकाला तोंड आहे ना? विचार की. विचारायला काय जातं?"

"ओळखता येत असताना विचारायचं कशाला?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, "कर बाई. तू शिकलेली." चौकोन तेवढा हट्टाने ठेवून घेतलात.

अमेरिकेतून मागणी येऊ लागली. थोडी, पण नियमाने. जर्मनीतून काही नाही. ब्रिटनमधून काही नाही. तुमचा जीव जर्मनीत अडकलेला, कारण ती बाई तिथली. दर शनिवारी मी पायरी चढायच्या आत तुमचं सुरू व्हायचं, "जर्मनीचं काही?" मी पानांची नावं बदलली, मजकूर हलवला, सर्चला देण्यासाठी पानांची यादी बनवली. काही नाही. आपला भाग भारनियमनाचा, कॉम्प्युटर चालू राहील तेवढ्या वेळात मी काय काय करायचे ते तुम्ही बघितलंय.

आणि एका शनिवारी तुम्ही म्हणालात, "मास्तरीण, एक गंमत सांगू? मी जर्मनी लिहितो आणि अमेरिका उघडते."

चाचा, हे वाक्य आता माझ्या कानात दिवसातून दहा वेळा वाजतं. जीपमध्ये वाजतं, टाइप करताना वाजतं. त्या वाक्यात सगळं होतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तुम्ही टायपिंग चुकवता." वर तुमच्यासमोर माझ्या लॉगिनने उघडून दाखवलं. माझ्या लॉगिनला मी त्या नियमातून सूट दिली होती, नाहीतर मला कामच करता आलं नसतं. त्यामुळे मला जर्मनी उघडायची. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "असेल. बोटं जाड झालीत."

जर्मनीतून मागणी का येत नाही, याचं कारण मला सुचलं नाही. मग मी ते मालावर ढकललं. म्हटलं, जर्मन लोकांना तुमचं इरलं आवडत नसेल. कदाचित बांधणी जाडीभरडी वाटत असेल. हे शब्द माझे. तुम्ही ते पोशेऱ्याला नेऊन जानूबाबांना सांगितलेत, शक्य तितक्या मऊपणे सांगितले असणार, मला माहीत आहे. जानूबाबांनी कामट्या आणखी बारीक तासल्या. तरी काही नाही. मग त्यांनी परदेशचं बांधणं सोडलं आणि दिवाळीनंतर मुलाबरोबर भिवंडीकडे कामाला गेले. तुम्ही मागच्या भिंतीची दोन इरली उतरवून माळ्यावर टाकलीत.

आता जे तुम्हाला कधीच कळलं नाही ते.

एका सोमवारी जेवताना आमचे अप्पा त्यांच्या खानेसुमारीच्या ड्युटीची गोष्ट सांगत होते. डोंगरातल्या एका गावात त्यांना दरवेळी पोलीस पाटील एकाच पाड्यावर घेऊन जायचा, कारण जीप तिथवरच जायची. अप्पांना वाटलं, गाव एवढंच. ओढ्यापलीकडे दोन पाडे होते, ते वहीत आलेच नाहीत. मग एका बाईने विचारलं, आमच्याकडे का नाही आलात, आम्ही माणसं नाही का? तेव्हा अप्पा ओढा ओलांडून गेले.

माझा हात ताटातच राहिला. सर्चचंही तसंच असतं, चाचा. त्यांचा एक पाहणी करणारा असतो. माणूस नव्हे, प्रोग्रॅमच. सगळ्या जगातली पानं हिंडून वाचतो आणि वहीत उतरवतो. त्याच्या वहीत नाव आलं तरच माणसांना सापडतं. आणि तो येतो अमेरिकेतून. माझा नियम त्याला दारातच ओळखायचा, हा अमेरिकेचा, आणि हाताला धरून अमेरिकेच्या दारात नेऊन सोडायचा. जर्मनीचं पान वाचायला तो किती वेळा आला असेल, मी दरवेळी त्याला परत फिरवला. त्याच्या वहीत जर्मनीचं दुकान नव्हतंच. इंडियाचा माणूस म्हणून तुम्हीही बाकी सगळ्यांत, म्हणून तुम्हालाही अमेरिका. तुमची बोटं जाड नव्हती. जर्मन लोकांनी ते इरलं नाकारलं नव्हतं, त्यांना ते दिसलंच नव्हतं.

त्याच आठवड्याच्या शनिवारी मी आले. तुम्हाला आठवत असेल, चाचींनी खिमा-पाव ठेवला होता आणि मी भूक नाही म्हणाले. तुम्ही विचारलंत, "जर्मनीचं काही?" सांगायचं म्हणूनच मी आले होते. एका ओळीचं काम होतं, काढून टाकलं की झालं. पण ओळ काढली की मागणी येणार, आणि मागणी आली की तुम्ही विचारणार, मग आधी का नाही आली? त्या टांगलेल्या मेलखाली बसून मी म्हणाले, "बघते." चहा संपवला आणि निघाले. तुम्ही पायरीपर्यंत आलात. शटरला हात टेकवून उभे होतात. पुढच्या गुरुवारी तुम्ही गेलात.

मी भित्री निघाले, चाचा. आवाज मोठा आणि काळीज एवढंसं.

तुम्ही गेल्यावर तर ती ओळ काढायला माझा हातच उठेना. सर्चमध्ये इरलं लिहून बघितलं तर तुम्हीच समोर. दुकानामागे, भर पावसात, इरलं घालून, दात दाखवून हसताय. तो मीच काढलेला फोटो. खाली लिहिलंय, दुकान उघडं आहे. मी पान बंद केलं तरी तो फोटो सर्चवाल्यांनी जपून ठेवलेल्या प्रतीत राहणार, हे मीच तुम्हाला एकदा ऐटीत समजावलं होतं. मागची नोंदही काढून वाचली. तुम्ही रोज जात होतात. रविवार नाही, सण नाही. रोज दोनच्या सुमाराला जर्मनीचं पान, अमेरिकेला रवानगी. रोज एकदाच, कारण दुसऱ्यांदा लिहून तरी काय होणार होतं. शेवटच्या बुधवारीसुद्धा.

आणि मग एकोणीस दिवसांनी तो मंगळवार.

गुरुवारी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि जव्हारला आले. शटर पूर्ण खाली होतं. मागच्या दाराने गेले. चाची इद्दतमध्ये, तुमच्यामागचे चार महिने दहा दिवस घरातच, बाहेर पडायच्या नाहीत. पण दुकान आणि घर यांच्यामधल्या बोळात तो कॉम्प्युटर. तिथं त्या पांढरा दुपट्टा डोक्यावर घेऊन, एका बोटाने एकेक अक्षर शोधत बसल्या होत्या. मी उंबऱ्यात उभी राहिले. त्यांनी शेवटची कळ दाबली, पान उघडायची वाट पाहिली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "आज पण अमेरिका."

मला पाहून दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "ते सांगून ठेवायचे ना, मी नसलो कधी तर तू बघ, जर्मनीचं दार उघडलं का. मास्तरीण करतेय काहीतरी."

मास्तरीण करतेय काहीतरी. हे ऐकून मी खाली फरशीवर बसले, चाचा, आणि रडले. तुम्ही गेलात तेव्हाही इतकी रडले नव्हते. मग तिथंच, नाक ओढत, त्यांना सगळं सांगितलं. ओळ कुठली, ती काय करते, तुम्ही पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं, मी काय ऐकलं नाही, शनिवारी काय लपवलं. वाटलं होतं, त्या डोक्यावर हात ठेवतील. नाही ठेवला. उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. बऱ्याच वेळाने आतूनच म्हणाल्या, "आधी ते नीट कर. आणि जानूबा होळीला येईल, त्याला तू सांगायचं. मी नाही सांगणार."

मी तो नियम काढला. पानाच्या वर तिन्ही देशांची नावं लिहिली, तुम्ही सांगितलं होतं तशी. ज्याला जायचं तो जाईल. चाचींना हाक मारली. त्यांनी पुन्हा एकेक अक्षर शोधून लिहिलं. या वेळी ती न कळणारी जर्मन अक्षरं वर आली आणि त्यांच्याखाली तुमचा फोटो. त्या बघत राहिल्या. "उघडलं," म्हणाल्या, आणि स्क्रीनवरची धूळ दुपट्ट्याने पुसली.

आठवड्याने तो पाहणी करणारा आला. नोंदीत मी त्याची ओळ बघितली: जर्मनीचं पान. पुढे रवानगी नाही. एकामागून एक सगळी पानं वाचून गेला.

होळीला जानूबाबा आले. तुमच्या जागेकडे न बघता ओट्यावर बसले. चाची पडद्याआड. मी सांगत होते तेव्हा ते खाली बघून बोटाने ओट्यावरची माती सारत होते. नेट, सर्च, नियम, यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे. मी शेवटी सरळ म्हटलं, "बाबा, त्यांनी तुमचा माल बघितलाच नव्हता. चूक माझी होती. इरल्यात काही खोट नव्हती."

त्यांचं बोट मातीत थांबलं. मग म्हणाले, "मना वाटला, माझा हातच बिघडला." आणि स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "गफूरला पण तसाच वाटला असंल."

वाटलं होतं तुम्हाला, चाचा. तेच वाटून घेऊन तुम्ही गेलात, आणि हे मी कुठली ओळ खोडून काढू? तुम्ही असता तर मला चार शब्द सुनावले असतेत आणि चहा मागवला असतात. जानूबाबांनी सुनावलंही नाही. माझ्याकडे मान वर करून म्हणाले, "माळ्यावर दोन हायेत. काढ. बघू दे."

मी शिडी लावली. त्यांनी ती दोन्ही इरली झटकली, कड दाबून पाहिली, एक कामटी निसटली होती ती दाताने ओढून बसवली. तुमच्या टांगलेल्या मेलखाली बसून.

परवा जर्मनीतून पहिली मागणी आली. ती आधीची बाई नाही, दुसरीच कुणी. सर्चमधून आलीय, मी नोंद तपासली. तुमचा तो चौकोन तिने रिकामा सोडला नाही. गावाचं नाव लिहिलंय आणि पुढे आपणहून लिहिलंय, लहान गाव आहे, समुद्रकाठी. मी चाचींना वाचून दाखवलं. जानूबाबाही होते, यंदा ते भिवंडीला परत गेले नाहीत. चाची पडद्याआडून म्हणाल्या, "समुद्रकाठी? मग तिथं वारा कुठल्या बाजूचा, ते विचार."

माझ्या ओठावर आलंच होतं, की चाची, परदेशातल्या माणसाला असलं काही विचारत नाहीत. जानूबाबा माझ्याकडे बघत होते. मी लिहिलं, बाई, तुमच्याकडे वारा कुठून येतो?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पश्चिमेचा, आणि बाराही महिने. ती कामाला वाकते तेव्हा तो डाव्या अंगाने येतो, असंही तिने लिहिलंय. शेवटी लिहिलंय, हे मला आजवर कुठल्याच दुकानाने विचारलं नव्हतं.

चाचा, वारा विचारून घेतलाय. जानूबाबा डावी कड खाली ओढून बांधतायत. शनिवारी मी पार्सल घेऊन पोस्टात जाईन.